पक्कं काम

"कपाळ उघडलंय पार," शिवदासमामा म्हणाले. "मेण भर, रंग चढव, शेवटी पावडर. पावडर विसरलीस तर बोट लागताच सगळं उतरेल. वाट लागेल आपली."

"मामा, किती वेळा सांगाल!" तेजलचे हात शिवशिवत होते.

मेलेल्या माणसांचे चेहरे पुन्हा होते तसे करायचं काम ती मरोळच्या या गाळ्यात शिकत होती. आजवर मामांनी तिला नखं आणि कानांपलीकडे जाऊ दिलं नव्हतं. आज अख्खा चेहरा तिचा, एकटीचा. मामांना सांताक्रूझच्या विमानतळावरून एक शव आणायचं होतं.

"झकास जमलं, तर उद्यापासून हे टेबल तुझं," म्हणत ते निघाले.

टेबलावर मुलुंडची गंधाली होती. बाथरूममध्ये पाय घसरला म्हणे. आई नागपूरहून निघालेली. तिला हे तोंड कसं दाखवायचं, म्हणून नवरा देवव्रत इथे घेऊन आला होता. कुर्ता कडक इस्त्रीचा.

"मानेवरही घ्या जरा," त्याने गंधालीच्या गळ्याची ओढणी स्वतःच सोडली. "खोट्या माळांची ॲलर्जी होती तिला. चट्टे उठायचे. बाकी दाखला वगैरे झालाय. डॉक्टर घरचेच, माझे काका."

तेजलने वाकून चट्टे पाहिले.

"होऊन जाईल सर. टेन्शन नका घेऊ."

आणि ती भिडलीच. मेण बोटांत मऊ झालं, कपाळ भरलं. फोटोत डाव्या भुवईत बारीकशी फट होती, तीसुद्धा तिने सोडली नाही. गालांवर रंग चढला तशी तेजल आनंदाने ओरडलीच, "अगं बाई, आलीस की तू!"

मानेवर तर डाग शोधून सापडेना.

"कलाकार आहात," देवव्रत म्हणाला. "पण कुणी हात लावायला नको. लांबूनच दर्शन ठेवतो."

"अहो सर, सवाष्ण आहे. बायका हळद लावणारच. अडवलंत तर सोसायटीत शंभर तोंडं बोलतील. लावू द्या बिनधास्त. माझं काम पक्कं असतं."

देवव्रतने सुटकेचा निःश्वास टाकला.

मुलुंडच्या हॉलमध्ये अख्खी बिल्डिंग जमली होती. जिचं दार जिवंतपणी कुणी वाजवलं नसेल, तिच्यासाठी आता सगळे पांढरे कपडे घालून हजर. तेजल ब्रश घेऊन उशाशी उभी होती.

गंधालीची आई, वनमालाबाई, ओली हळद घेऊन बसल्या. कपाळाला लावली, गालांना लावली.

"झोपल्यासारखी दिसते गं पोर. कुणी केलं हे?"

"मी, काकू."

"तुझे हात सोन्याचे."

"गळ्यालाही लावा ना काकू. नवरीला लावतात तशी, भरपूर."

देवव्रत अडवायला पुढे झाला नाही. पक्कं काम होतं.

वनमालाबाईंचा तळवा लेकीच्या गळ्यावरून फिरला आणि रंगाने माखून वर आला. गळ्यावर एका बाजूला अंगठा उमटला होता आणि दुसऱ्या बाजूला चार बोटं, निळीकाळी.

हॉलमधल्या सगळ्या माना एकदम देवव्रतकडे वळल्या.

कपाळावरचा, गालांवरचा रंग मात्र तसूभर हलला नव्हता. तिथे तेजलने पावडर लावली होती.