बाईंची एकाग्रता

"थांबा जरा," आत्या गिऱ्हाइकाला म्हणाली. "जाहिरात लागली की देते खोकल्याचं औषध."

गिऱ्हाईकही कुरकुर न करता टीव्हीकडे वळलं. प्रश्नमंजूषा सुरू झाली की त्या औषधाच्या दुकानात कोणालाच घाई नसायची. पडद्यावर बाई होत्या.

बाई मूळच्या भूगोलाच्या प्राध्यापिका. ऐन भरात असताना कॉलेज सोडून घरी बसल्या होत्या. कंटाळल्या असतील, असं लोक म्हणत. आता या कार्यक्रमात उतरल्या आणि समोर येईल त्याला धूळ चारत अंतिम फेरीत पोचल्या.

"नजर बघा," शेजारच्या दुकानातला शिंपी म्हणाला. गळ्यात टेप तशीच ठेवून तो रोज यायचा. "त्या सूत्रसंचालकाच्या तोंडावरून हलत नाही. मागे लोक टाळ्यांनी छप्पर उडवतायत, पण बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलेल तर शपथ."

"परवा स्टुडिओतला दिवा फुटला," आत्या म्हणाली. "सगळे दचकले. शेजारचा स्पर्धक तर टेबलाखालीच जायचा बाकी होता. बाई मात्र जागच्या जागी, पुढच्या प्रश्नाची वाट बघत."

"त्याला म्हणतात एकाग्रता."

औषधवाला काउंटरमागे गोळ्यांची पाकिटं लावत ऐकत होता. तो आत्याचा भाचा. बाईंना बघून बघूनच त्याला या खेळाचं वेड लागलं होतं. पुस्तकं वाचून, आत्याकडून प्रश्न विचारून घेऊन तोही एकेक फेरी पार करत गेला होता. आता अंतिम फेरीत समोर बाईच होत्या.

"हरलास तरी चालेल," आत्या त्याला म्हणाली. "त्यांच्या शेजारी बसायला मिळतंय, हेच खूप झालं."

अंतिम फेरीच्या दिवशी मेकअपच्या खोलीत दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. मेकअप करणारी मुलगी त्यांच्या पापण्यांवरून ब्रश फिरवत होती. औषधवाल्याने घसा खाकरून विचारलं, "बाई, एवढं सगळं लक्षात कसं ठेवता?"

उत्तर आलं नाही. आपण फारच बाळबोध विचारलं, असं वाटून तो ओशाळला. ब्रश थांबला. बाईंनी डोळे उघडले आणि त्या आरशातून त्याच्याकडे बघून हसल्या.

"तुम्ही माझे प्रतिस्पर्धी ना? काय करता?"

"औषधांचं दुकान आहे. बाई, एवढ्या गोंगाटात तुमचं लक्ष कसं विचलित होत नाही?"

बाईंनी थोडा विचार केला. "मी फक्त प्रश्न विचारणाऱ्याकडे बघते," त्या म्हणाल्या. "बाकीचं जग तेवढ्यापुरतं नसतंच."

हे वाक्य त्याने मनात कोरून ठेवलं.

सामना अटीतटीचा झाला. सूत्रसंचालकाचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच बाईंचा हात बटणावर पडायचा. तरीही औषधवाला चिवटपणे टिकून राहिला आणि शेवटच्या प्रश्नाला दोघांचे गुण सारखे झाले. पहिल्या रांगेत बाईंची लेक मुठी आवळून बसली होती. तिच्या मागेच आत्या होती.

रंगत वाढवायला सूत्रसंचालक आपल्या जागेवरून उठला. संथ चालत दोघांच्या पाठीमागे आला, त्याने त्यांच्या खांद्यांवर हात ठेवले आणि विचारलं, "जगातलं सर्वांत खोल सरोवर कोणतं?"

औषधवाल्याचा धीरच सुटला. भूगोलाचा प्रश्न, तोही इतका सोपा. त्याने बटणाकडे हातसुद्धा नेला नाही. बाईंच्या दिव्याची वाट बघत राहिला.

दिवा लागला नाही. बाई समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे शांतपणे बघत होत्या. वेळ सरत आली. अखेर त्यानेच बटण दाबलं.

"बैकल," तो कसाबसा म्हणाला.

टाळ्या, रंगीत कागदांचा पाऊस, गळ्यात हार. बाईंनीही वळून त्याचा हात हातात घेतला आणि मनापासून दाबला. पण प्रेक्षकांतून उठलेली कुजबुज त्याच्या कानावर आलीच. आत्या जवळ आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"केवढं मन म्हणावं," ती हळूच म्हणाली. "शाळेतलं पोर सांगेल ते उत्तर. बाईंनी डाव तुझ्या पदरात टाकला रे."

त्याला हार जड वाटू लागला. तो काढून आत्याच्या हातात देत तो बाईंना शोधत निघाला.

बाई बाहेरच्या पॅसेजमध्ये उघड्या खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. खाली रस्त्यावर जमलेली चाहत्यांची गर्दी त्या बघत होत्या. तो चार हात अंतरावर थांबला. जवळ जायची हिंमत होईना.

"बाई," तो म्हणाला.

त्या वळल्या नाहीत. आपलं तोंडही त्यांना बघायचं नसेल, असं त्याला वाटलं. तरी बोलणं भाग होतं.

"तुम्हाला उत्तर येत होतं. सगळ्यांना माहीत आहे. मी तुम्हाला बघूनच इथवर आलो, बाई. तुमच्याकडून हरलो असतो तर आयुष्यभर मिरवलं असतं. पण ही अशी जिंकण्याची भीक मला पचायची नाही. का सोडलंत, एवढंच सांगा. मग मी जातो."

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. खांदेसुद्धा हलले नाहीत. तो मागे फिरला, तर पॅसेजच्या तोंडाशी बाईंची लेक पाण्याची बाटली घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"जाऊ नका," ती त्याला म्हणाली.

तिने बाटली खिडकीत ठेवली, खांद्याला हात लावून आईला वळवलं आणि त्याचा शब्द न् शब्द बोटांच्या खुणांनी तिला सांगायला सुरुवात केली.