दोन ठोक्यांची जागा

“धून तुम्हीच लंगडी केलीत, आणि मी लंगडत नाही म्हणून माझे गुण कापता?”

डर्व्हला फिडल, म्हणजे तिचं व्हायोलिन, काखेत धरून परीक्षकाच्या टेबलासमोर उभी होती. आयर्लंडमधल्या क्लेअरच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये लोकसंगीताची वार्षिक स्पर्धा चालली होती. पुढच्या रांगेत तिची आई हनोरा बसली होती, मांडीवर कोट, कोटाखाली हात.

परीक्षकानं संगीत मंडळाचं धुनांचं पुस्तक पुढं सरकवलं. “दुसऱ्या भागात दोन ठोके थांबायचं. त्यापुढं साधं, एका बोटावरचं. धून ज्या गावची, त्या गावची ही खासियत. तू थांबलीच नाहीस, वर शेवट नटवलास.”

“आईनं तोंडानं म्हणून शिकवली तशी वाजवली.”

“आई फिडल वाजवते?”

“नाही.”

“मग झालं तर. इथं चार नामवंतांच्या तबकड्या आहेत, बाई. ऐक जरा.”

“सहा वर्षं तेच करतेय. चौघंही तुमच्या पुस्तकावरून शिकले. पुस्तक लिहिलं मंडळाच्या तबकडीवरून. तबकडी काढली छत्तीस साली गावातल्या नाचात आवाज कोरून घेतलेल्या मेणाच्या नळीवरून. नळी तुमच्याच कपाटात पडलीय. तुमच्या कारकुनानं ऐकू दिली, टेपवर उतरवू दिली, बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं आत काय आहे. पुढच्या महिन्यात हे पुस्तक शाळाशाळांत जायचंय. त्याआधी धून अख्खी लिहा.”

तिनं पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला आणि बटण दाबलं.

खरखर. मग फिडल, फरशीवर नाचणारे बूट, कुणाची तरी शिट्टी. दार आपटलं. बूट थांबले. फिडल थांबली नाही. “घरातले हे पापी नाच बंद कर, सटवे,” पाद्र्याचा आवाज. आणि दुसऱ्या भागात, नेमक्या त्याच जागी, काठी बसली. हाड मोडल्याचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. एक ठोका. दोन ठोके. मग फिडल पुन्हा निघाली, साधी, एका बोटावर. बायका किंचाळत होत्या, बाकं उलटत होती, कुणीतरी लाथा खाऊन गुरासारखं ओरडत होतं, आणि धून शेवटपर्यंत गेली. मग लाकडाचा चुरा झाल्याचा आवाज. नळी संपली.

“तबकडी काढताना काठी पुसलीत,” डर्व्हला म्हणाली. “पाद्री पुसलात. भोक तेवढं ठेवलंत.”

परीक्षकानं चष्मा काढून पुसला. “वाईट झालं. पण चाळीस वर्षं लोक असंच वाजवतायत. आता तीच परंपरा. मुलं हेच शिकणार.”

हनोरा उठली. कोट खाली पडला. ती टेबलापाशी आली आणि तिनं डावा हात उघड्या पुस्तकावर ठेवला. पहिलं बोट सरळ होतं. बाकीची तीन मोडून, वाकडीच जुळलेली.

“मुलांना तिथं थांबवायचंय ना?” ती म्हणाली. “मग काठी घेऊन कोणाला पाठवताय, तेवढं सांग, बाळा.”