मागच्या चाकाचा धूर

"हात लाव! लाव ना हात त्या चाकाला!" आसारे ओरडला, तसे सुआमेच्या गॅरेजांच्या गल्लीतले शेजारचे फिटर हातातलं काम टाकून बघायला लागले.

डोन्कोर फिटरने हात लावला नाही. मागच्या चाकातून धूर निघत होता आणि ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास नाकात जात होता. हात भाजून घ्यायला तो काही वेडा नव्हता.

"गेल्या आठवड्यातच सैल करून दिले होते ब्रेक," तो म्हणाला.

"आणि त्याच्या आधीही दिले होतेस! दोन दिवस गाडी बरी चालते, मग पुन्हा रेड्यासारखी अडते. मला सारखं तुझ्या दारात आणायचं ठरवलंयस का?"

"तोंड सांभाळून बोल! ब्रेकवर पाय ठेवून गाडी हाकायची आणि वर मला शिकवायचं?"

आसारेचं चिडणं काही उगाच नव्हतं. कुमासी शहराच्या स्टँडवर जो आधी परततो त्याचा नंबर आधी लागतो, त्याचीच गाडी आधी भरते. मांपोंग गावची फेरी मारून येण्यात आसारेचा हात कोणी धरत नसे. पण हल्ली त्याची ही जुनी तीन रांगांची गाडी पळायलाच तयार नव्हती. बाडूसारखा म्हातारा ड्रायव्हर हॉर्न वाजवत त्याला मागे टाकायचा आणि स्टँडवर सगळ्यांदेखत विचारायचा, "काय रे, चाकावर मासे भाजतोस की काय?"

आज मात्र थट्टेची गोष्ट राहिली नव्हती. मांपोंगचा घाट उतरताना आसारेने ब्रेकचं पेडल दाबलं आणि ते थेट तळाला टेकलं. गाडीत बाजाराला निघालेल्या बायका होत्या. कडेच्या मातीच्या ढिगात गाडी घातली म्हणून सगळे वाचले. तिथून गाडी थंड करत, रखडत त्याने इथवर आणली होती. त्या धास्तीनेच तो जास्त ओरडत होता.

डोन्कोरने शिव्या पुटपुटत जॅक लावला. चाक हाताने फिरेना. हँडब्रेकची तार बघितली, ती मोकळी होती. हातोडीने ठोकून ड्रम काढला. आतल्या स्प्रिंगा धड होत्या, सिलिंडरही अडकलेला नव्हता. मग तो गाडीखाली आडवा झाला आणि ब्रेक आवळायच्या बोल्टकडे बघत राहिला.

"आसारे, खाली ये. मागच्या वेळी या बोल्टावर मी पांढरी रेघ मारली होती. सरळ, उभी. आता बघ."

रेघ आडवी झाली होती.

"हा आपोआप फिरत नाही. कोणीतरी पाना लावून आवळलाय. ब्रेक चाकाला घासत राहतो, तापतो, आतलं तेल उकळतं, आणि नेमक्या वेळी पेडल खाली जातं. कोणीतरी तुझ्या जिवावर उठलंय."

आसारेला नाव सांगायची गरज नव्हती. तो तडक स्टँडवर गेला आणि त्याने कॉलर धरून बाडूला त्याच्याच गाडीच्या दारावर आपटलं.

"नंबरासाठी ब्रेक आवळून माणसं मारतोस, थेरड्या? माझ्या गाडीत बाजाराच्या बायका होत्या!"

"अरे, काय केलं मी?" बाडू गुदमरत म्हणाला.

गर्दी जमली. आसारेने हात उगारला.

"सोड त्यांना! मी आवळले ब्रेक."

आवाज आसारेच्या आईचा होता. सेर्वा स्टँडवरच केंकी, म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकायची. टोप तसाच टाकून ती गर्दीतून वाट काढत पुढे आली होती. लोक हसले. ही बाई आणि ब्रेक आवळणार! आसारे हसला नाही. बाप गाडीखाली असायचा तेव्हा पाने देणारी हीच होती, आणि त्याची पाठ धरली की गाडीखाली हीच शिरायची.

"तू?"

"मी. पहाटे, तू झोपलेला असतोस तेव्हा." तिचाही आवाज चढला. "तुझा बाप मांपोंगच्या घाटात गेला. सगळे म्हणाले, वेगाने गेला. तूही तसाच हाकतोस. तोंड दुखेपर्यंत सांगितलं, ऐकलंस? मग म्हटलं, तू नाही ऐकत तर चाक तरी ऐकेल."

"अगं आये, मारलं असतंस मला!" आसारे बाडूला सोडून तिच्याकडे वळला. "आवळलेला ब्रेक तापतो, तापला की लागतच नाही! मागून धूर, आणि पेडल तळाला! मी दाबतोय, दाबतोय, काही नाही! तू माझा वेग नाही कमी केलास, माझा ब्रेक काढून घेतलास!"

सेर्वाच्या हाताला अजून मक्याचं पीठ चिकटलेलं होतं. ते ती कमरेच्या कापडाला पुसत राहिली.

"मागून धूर येत होता?"

"सांगतोय काय मघापासून!"

तिने बाडूकडे बघितलं. तो कॉलर सारखी करत होता.

"भावजी, त्या दिवशी तुमची गाडी ह्याच्या बापाच्या मागेच होती ना?"

"होती, वहिनी."

"त्यांच्या चाकातून येत होता धूर?"

बाडूने आधी आसारेकडे बघितलं, मग जमिनीकडे. "येत होता," तो म्हणाला.

सेर्वा तिथेच, रस्त्यावर, खाली बसली.

"त्यांचेही मीच आवळायचे."