छत्रीशेजारची खुंटी

हंगेरीतल्या सेगेदच्या बालवाडीत पोरांना वाचता येत नाही, म्हणून कोटांच्या खुंट्यांवर नावांऐवजी चित्रं असतात. आमच्या बोर्काची छत्री. गेला महिनाभर ती तिथे जाताना गप्प गप्प असायची. बाई म्हणाल्या, "छान रमलीय." डॉक्टरांनाही काही सापडलं नाही. बोर्काला विचारलं तर, "काही नाही, आई."

"मग काही नसेलच," बालिंत म्हणाला. नवरा गणितातला, त्याचा संगणक उन्हाळ्यापासून एका तीनशे आकडी संख्येला कशानं भाग जातो ते शोधत होता.

"तुझ्या संख्येलाही अजून कशानंच भाग गेला नाही. मग तीही मूळ संख्याच म्हणायची."

"छे. मूळ असती तर मूळ संख्यांच्या चाचणीत बाकी एक उरली असती. उरली नाही. म्हणजे तिला भाग जातो हे नक्की. कशानं, एवढंच माहीत नाही."

"बोर्का ट्राममध्ये गाणं म्हणायची," मी म्हटलं. "आता म्हणत नाही."

दुसऱ्या दिवशी तिला सोडायला बालिंतच गेला. थोड्या वेळानं त्याचा फोन आला.

"छत्रीशेजारी बदक होतं ना, तिच्या मैत्रिणीचं, यांकाचं? ते लोक पेच शहरात राहायला गेले. चित्र काढून टाकलंय. बोर्का स्वतःची खुंटी सोडून रोज त्या रिकाम्या खुंटीवर कोट टांगते."

"आणि बाई?"

"बाई म्हणतात, हल्ली ती आपलं चित्र विसरते."