जरा डोळा लागलाय

खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला घरी आणलं, पण दुखण्याने तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. डॉक्टरांनी दिलेली दुखण्यावरची जहाल गोळी सुनेने दुपारी वेळेवर दिली. तासाभराने मावशीने आपल्या डबीतली झोपेची गोळीही बहिणीला दिली. "मी रोज घेते. मला कुठे काय झालंय?"

थोड्याच वेळात आई घोरायला लागली आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. मुलाने दारावरची बेल बंद केली, सुनेने पडदे ओढले.

बाबा तेवढे पलंगापाशी घुटमळत राहिले. "हिला उठवा रे. पन्नास वर्षांत ही कधी घोरली नाही."

"बाबा, चार दिवसांनी झोपलीय ती. तुम्ही बाहेर बसा बघू," म्हणत मुलाने त्यांना हाताला धरून बाहेर आणलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

&nbsp;

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "ते साधं घोरणं नव्हतं, दोन गोळ्यांनी मिळून त्यांचा श्वास कोंडत होता, तेव्हाच उठवून इथे आणलं असतं, तर वाचल्या असत्या."