ठाकरवाडीचा ढोल

लोणावळ्याच्या धरणावर नगरच्या मजुरांना पुरी मजुरी मिळे, आमच्या ठाकरवाडीला निम्मी. "डोंगरातली माणसं तुम्ही, तुमचं कामच निम्मं," असं मुकादम तोंडावर म्हणे.

पाऊस जवळ आला आणि नगरवाले पेरणीसाठी गावी गेले. धरणाचा बांध अर्धवटच होता. आमच्या वाडीची बायाकाकी मुकादमाला म्हणाली, "पुरी मजुरी द्या, मगच आमी पाटी उचलू." त्यानं चरफडत कबूल केलं.

वाडीतल्या बहिरूनं ढोल काढला. सगळी वाडी मिळून एकाचं शेत लावते तेव्हा वाजवतो, तसा घुमवला. मातीच्या पाट्या हातोहात पळाल्या. पावसाआधी बांध उभा!

मुकादम बघतच राहिला. "एवढी ताकद इतके दिवस कुठं होती गं?"

बायाकाकीनं पदर झटकला. "हितंच व्हती. तुमी निम्मीच इकत घेत व्हता."