दोष जुनाच

“मावशी, गाडी आहे ती. भाजी निवडल्यासारखं काय चाललंय?”

शेठ खुर्चीतून उठला नाही. जुन्या गाड्यांच्या त्याच्या आवारात रोज माणसं येत, आणि त्याच्या मते ती दोनच प्रकारची असत: फसलेली आणि फसायच्या रांगेत उभी असलेली. ही बाई दुसऱ्या प्रकारातली. झिजलेल्या चपला, खांद्याला कापडी पिशवी, मुठीत घडी घातलेला कागद. तासभर तिने त्या एकाच पांढऱ्या गाडीचा पिच्छा पुरवला होता.

तिने गाडीखाली पुठ्ठा सरकवला, आवारातल्या मिस्त्रीला इंजिन चालू करायला सांगितलं आणि थांबली. दहा मिनिटांनी पुठ्ठा ओढला. त्यावर तीन डाग होते.

“एसीचं पाणी,” शेठ म्हणाला.

बाईने डागावर बोट टेकवलं, वास घेतला. “पाणी काळं नसतं. बुळबुळीतही नसतं.”

“अरे वा! कुठल्या गॅरेजात शिकलात?”

“मुलाने लिहून दिलंय, काय काय बघायचं ते.” तिने कागद वर केला.

“मग मुलगाच का नाही आला?”

“सरकारी जागेत आहे. सुट्टी मिळत नाही.”

शेठ खो खो हसला. “सरकारी आणि सुट्टी नाही! हे नवीनच ऐकतोय.”

बाईही कसंनुसं हसली. मग तिने बॉनेट उघडायला सांगितलं. आत इंजिन लखलखत होतं.

“बघा, आरसा आहे आरसा. केस विंचरून घ्या.”

“कालच धुतलेलं दिसतंय,” बाई म्हणाली. कागदावरून बोट फिरवत तिने वाचलं, “तेल खाली दिसलं तरी गळती वर शोधायची.” पिशवीतून पांढरं फडकं काढून तिने ते इंजिनच्या वरच्या झाकणाच्या कडेने फिरवलं. फडक्यावर काळी रेघ उमटली. त्या जागेपासून तेलाचा बारीक ओघळ खाली उतरत होता, तो थेट इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं तिथवर.

“मिस्त्री, ब्रेक घट्ट दाबा. पहिला गिअर टाका आणि क्लच जरासा सोडा.”

मिस्त्रीने शेठकडे पाहिलं. शेठने हात झटकला. करू दे हौस.

इंजिन एका बाजूने चार बोटं वर उचललं गेलं आणि धाडकन खाली आदळलं. फाटकाशी झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं.

मिस्त्री खाली उतरला. साठीचा माणूस, पण चोरी पकडली गेल्यासारखा उभा होता. “रबर फाटलंय. तेल पडून पडून ते मऊ पडतं, मग तुटतं. आणि इंजिन असं उचललं गेलं, की ॲक्सिलरेटरची तार ओढली जाते. गाडी एकदम झेप...”

“तुला मी बोलायचा पगार देतो का रे?” शेठ खेकसला. “गाडी आहे, मावशी. चालणार म्हटल्यावर हलणारच. पाळणा हलतो तेव्हा तक्रार करता का?”

बाई बराच वेळ त्या फाटक्या रबराकडे बघत राहिली. शेठला वाटलं, हिला एवढंच कळलं की काहीतरी फाटलंय. बायकांना फाटलेलं चटकन दिसतं.

मग ती पुढे आली आणि बंपरवरून हात फिरवला. “इथला रंग नवा आहे. ठोकलेली आहे का?”

“कुंपणाला घासली होती. किरकोळ.”

“मग त्या धक्क्यानेच हे तुटलं असणार. म्हणजे आतला सांगाडाही वाकला असेल.” तिने कागदाची घडी घातली. “ठोकलेली गाडी नको. येते मी.”

आता मात्र शेठ उठला. ही गाडी आठ महिने आवारात पडून होती.

“अहो, धक्क्याने नाही तुटलं ते! आधीपासूनच तसं होतं. सांगाडा अगदी सरळ आहे.”

“आता काय, तुम्ही काहीही सांगाल.”

“काहीही कशाला? मागच्या गिऱ्हाइकाला मीच विकली होती, लिलावात परत मीच उचलली. तेव्हाही गळत होती, तेव्हाही हे फाटलेलंच होतं. विचारा याला!”

मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाला, “होतं. मी म्हटलं होतं शेठना, विकायच्या आधी बदलू या.”

“आणि त्या गिऱ्हाइकाला सांगितलं होतं?” बाईने विचारलं.

“त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. शिकलेलं पोरगं. सीटची कव्हरं बघून खूश झालं. डोळे उघडे ठेवायचे पैसे पडत नाहीत, मावशी. तुम्ही ठेवलेत, म्हणून तुम्हाला खरं सांगतोय.”

बाईने कागद पिशवीत टाकला. “मग घेते. तुम्ही म्हणाल त्या किमतीला. फक्त हे सगळं पावतीवर लिहून द्या. नाहीतर घरचे म्हणतील, दोष माझ्याच हातून झाला.”

शेठने मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. एवढे दोष शोधले आणि एक पैसा कमी केला नाही! अक्कल वाटत होते तेव्हा ही बाई चाळणी घेऊन गेली असणार. त्याने झोकात लिहिलं: तेलगळती आणि फाटलेलं माउंटिंग हे दोष गाडीत मागच्या विक्रीच्या आधीपासून होते, मला ते माहीत होते. सही केली, शिक्का मारला. बाईने मिस्त्रीलाही साक्षीदार म्हणून सही करायला सांगितलं. त्याने ती केली.

“नाव सांगा,” शेठ म्हणाला. “पावती कोणाच्या नावावर करू?”

“तुमच्या मागच्याच गिऱ्हाइकाच्या. गाडी आपोआप पळाली, असं तो सगळ्यांना सांगत राहिला, आणि माणूस मारला म्हणून तुरुंगात गेला. मी त्याची आई.”